तेलाचं फडकं

"हात दाखव."

आमचे सर नव्या माणसाला आधी नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. समोरच्याचा उजवा हात मनगटाला धरायचे, तळवा वर करायचे आणि आपल्या अंगठ्याने त्याच्या बोटांची टोकं एकेक करून चोळून बघायचे. ओली आहेत की कोरडी. मग "हं" म्हणून हात सोडून द्यायचे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस भविष्य सांगतो की काय.

भोसरीच्या एमआयडीसीत आमची आयटीआय आहे. तिथे मी स्टोअरकीपर म्हणून लागले त्या दिवशी त्यांनी स्टोअरच्या खिडकीतून हात आत घातला आणि मलाही तेच सांगितलं. "बाई, हात दाखवा." मी तेव्हा तिशीतली, सोलापूरकडची, तोंडाने फटकळ. म्हटलं, माझ्या हातात काय आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, तुम्हाला कशाला? मागे उभे असलेले दोघे-तिघे खो खो हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "तसं न्हाई बाई. लोखंड घासायच्या कानशी तुमच्याच हातानं पोरांकडं जाणार. हाताला घाम असंल तर गंजतील, एवढंच." मी मुकाट्याने हात पुढे केला. कोरडा निघाला. त्या दिवसापासून ते मला मानायला लागले.

असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. पगार सगळ्यांसारखाच घेतो, पण काम आपल्या घरचं असल्यासारखं करतो आणि त्यामुळे बाकीच्यांना उगीचच अपराधी वाटतं. आमचे सर तसे. फिटर ट्रेड शिकवायचे. फिटर म्हणजे हाताने लोखंड घासून, कापून, एकात एक बसवणारा कारागीर. वर्कशॉपमध्ये सगळे खाकी नाहीतर निळ्या कपड्यांत, आणि हे बारा महिने पांढऱ्या सुती शर्टात. तेलाच्या कामात पांढरा शर्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, डाग लगेच दिसतो, म्हणून माणूस जपून राहतो. खिशात खडूचा तुकडा कायमचा. त्या खिशाचा कोपरा आतून-बाहेरून खडूने भरलेला असायचा.

ते चिखलीच्या जुन्या घरातले. आजूबाजूला सोसायट्या आणि शेड उठल्या, जमिनी गेल्या. भावांनी आपापल्या वाट्यावर चार-चार मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. सरांनी आपल्या वाट्यावर दोन खोल्या बांधल्या, मागे एक शेवगा लावला आणि जुनाट स्कूटरवरून भोसरीला येत राहिले. भावांना त्यांची लाज वाटायची. आमचा भाऊ पोरांना लोखंड घासायला शिकवतो, असं ते लग्नकार्यात हसून सांगायचे. सर तेही आम्हाला सांगायचे आणि वर म्हणायचे, "घासायला बी यावं लागतं, बाई."

पोराने घासून आणलेला तुकडा ते खिडकीपाशी नेत. त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, उभा धरत, एक डोळा मिटत आणि फटीतून बघत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून जराही उजेड आला, तर पृष्ठभाग सपाट नाही. "उजेड दिसतोय," एवढंच म्हणत आणि तुकडा परत देत. पोरगं पुन्हा घासायला लागायचं. दिवसातून शंभर वेळा हे वाक्य माझ्या कानावर पडायचं. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवं टेबल आलं. सगळे कौतुक करत होते, तेवढ्यात सरांनी खिशातून छोटा गुण्या काढून टेबलावर धरला, डोळा मिटला आणि म्हणाले, "उजेड दिसतोय." प्राचार्य महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. माझ्या डब्यातल्या भाकरीकडे मात्र बघून म्हणायचे, हिच्यात उजेड नाही. मी लगेच अर्धी काढून द्यायची. पक्के होते.

आता प्लेटींचं सांगते, कारण खरं सगळं तिथेच आहे.

दरवर्षी ऑगस्टमध्ये नवी बॅच यायची. दहावी झालेली वीस मुलं, नव्या निळ्या शर्टांची घडी अजून मोडलेली नाही. बाकीच्या ट्रेडना पहिल्या दिवशी स्वागत, ओळख, नियम. फिटरच्या वर्गात सर प्रत्येकाच्या हातात एक लोखंडी प्लेट देत. तळहाताएवढी, त्यांनी स्वतः घासून चकचकीत केलेली, मागे मुलाचा नंबर ठोकलेला. मुलाने तिच्या मधोमध उजव्या हाताचा अंगठा दाबायचा, दहा आकडे मोजायचे आणि प्लेट परत द्यायची. वीसही प्लेटी सर आपल्या कपाटात मांडत आणि कुलूप लावत. चौथ्या दिवशी उघडत.

काही माणसांच्या घामाचं लोखंडाशी पटतच नाही. ती जिथे हात लावतील तिथे दोन-चार दिवसांत गंज धरतो. आपल्याला घरी कळतही नाही, पण मोजमापाच्या कामात अशा हाताने घोटाळा होतो. चौथ्या दिवशी सतरा-अठरा प्लेटी जशाच्या तशा असायच्या. एखाद-दुसरीवर मात्र अंगठा उमटलेला असायचा, तांबूस, एकूण एक रेघ दिसणारा. सर सगळ्यांसमोर तो नंबर वाचायचे आणि सांगून टाकायचे की, बाबा, तुझा हात गंजाचा आहे, तू दुसरा ट्रेड बघ.

मला ते कधी आवडलं नाही. मी बोलूनही दाखवलं. तेव्हा त्यांनी आपल्या तरुणपणची गोष्ट सांगितली. ते एका कंपनीत टूलरूमला होते. शेजारी काम करणारा त्यांचा जोडीदार, फार चांगला कारागीर. सहा वर्षं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की मोजमापाची गंजलेली सगळी साधनं ह्यानेच हाताळलेली आहेत. साहेबाने त्याला एका दिवसात बाहेर काढलं. घरी बायको, दोन मुलं. सर म्हणाले, "पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर दुसरं कायतरी शिकला असता की. आधी कळलेलं बरं, बाई."   माणूस वाईट वागत नव्हता हो. उलट भलंच करायला निघाला होता.

नऊ वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये चौदा नंबरचा मुलगा होता, बालाजी. बीडकडचं कुटुंब, भोसरीत एका खोलीत राहणारं. वडील एका गेटवर वॉचमन. मुलगा बारीक, बोलायला लाजरा, पण पहिल्या दिवसापासून सरांच्या हाताकडे असा टक लावून बघायचा की मला स्टोअरमधून हसू यायचं. तीन दिवस झाले नाहीत तोवर सर मला म्हणाले, चौदा नंबरचं पोरगं कानस धरतंय ते बघा, त्याला शिकवायची गरज नाही.

चौथ्या दिवशी कपाट उघडलं. एकाच प्लेटीवर गंज होता. चौदा नंबर.

सर थोडा वेळ प्लेट हातात घेऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आज हे काही बोलणार नाहीत. पण ते नियमाचे माणूस. बालाजीला पुढे बोलावलं, प्लेट दाखवली आणि म्हणाले, "तुझा हात लोखंडाचा न्हाई, बाळा. लोखंडाला हात लावू नको. दुसरं काय बी शिक." मुलाने प्लेटीकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं, आणि मान हलवली.  दुसऱ्या ट्रेडच्या जागा भरलेल्या होत्या. आठवडाभर तो ऑफिसात चकरा मारत राहिला. मग यायचा बंद झाला.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी एक बाई वर्कशॉपच्या दारात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मुलाची दहावीची मूळ गुणपत्रिका आमच्याकडे राहिली होती, ती न्यायला आली होती आणि ऑफिस समजून चुकून इकडे वळली होती. मी तिला रस्ता सांगत होते, तेवढ्यात सर तिथे आले. नाव ऐकून त्यांचा चेहरा खुलला. बालाजी कसा आहे, काय शिकतोय, विचारायला लागले.

ती म्हणाली, चाकणकडे एका शेडमध्ये कंत्राटावर लागला होता. पत्रा दाबायच्या प्रेसवर. ती मशीन दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच चालते, म्हणजे हात आत राहत नाही. पण माल जास्त निघावा म्हणून कुणीतरी एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. मुलाचा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली.

मी स्टुलावर बसले. सर उभेच होते. आणि मग ती बाई जे बोलली, ते मी अजून विसरलेले नाही. आवाजात राग नव्हता. उलट सरांबद्दल मोठा आदर होता. तिने हात जोडले आणि म्हणाली, "सरांनी आधीच वळखलं व्हतं. लोखंडाला हात लावू नको म्हनले व्हते. लेकरानंच ऐकलं न्हाई."

सर तिला ऑफिसपर्यंत सोडून आले. परत आले ते सरळ व्हाइसच्या रांगेकडे गेले. व्हाइस म्हणजे घासायचा तुकडा घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा, टेबलाला कायमचा बसवलेला. त्यातल्या चौदा नंबरच्या व्हाइसपाशी ते उभे राहिले. दुपारचा तास झाला नाही. मुलं आपापली बसून राहिली. संध्याकाळी खिडकीशी येऊन मला म्हणाले, "बाई, तेलाचं एक फडकं दिलं असतं, तरी भागलं असतं."

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हात वरचेवर पुसला, काम झाल्यावर तुकड्यावर तेलाचं फडकं फिरवलं, तर कसलाही गंज धरत नाही. कुणीही फिटर होऊ शकतो. त्यांना हे ठाऊक होतं. वीस वर्षं ठाऊक होतं. पण जोडीदाराच्या वेळी साहेबाने जे केलं तेच डोक्यात बसलं होतं, आणि साहेबाचंच काम आपण पुढे चालवतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, सर, प्रेसवरचं बटण तुम्ही नाही चिकटवलं. ते म्हणाले, "न्हाई. पण प्रेसवर मी धाडला."  

पुढच्या ऑगस्टात नवी बॅच आली. मला वाटलं, आता प्लेटी बंद. पण सरांनी पुन्हा वीस प्लेटी वाटल्या, अंगठे घेतले, कपाटाला कुलूप लावलं. मी मनातून चिडले. एवढं होऊनही हा माणूस सुधारत नाही म्हणजे काय? चौथ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले होते, हजेरीच्या आधी. बघते तर कपाट उघडं, सर खाली फरशीवर मांडी घालून बसलेले आणि बारीक पॉलिश पेपरने दोन प्लेटी घासताहेत. गंज पार गेला तेव्हा त्या बाकीच्या अठरांत मिसळून टाकल्या. मला बघून म्हणाले, कुणाला सांगू नका.

त्या दिवशी वर्गात त्यांनी वीसही प्लेटी टेबलावर मांडल्या, सगळ्या चकचकीत. म्हणाले, सगळ्यांचे हात झकास आहेत. आणि तरीही प्रत्येकाला तेलाचं एकेक फडकं दिलं. हात पुसायचा, तुकडा पुसायचा, रोज, सगळ्यांनी. कोणाचा हात कसला ते फक्त सरांना कळायचं. त्या मुलांकडे ते गुपचूप जास्त लक्ष ठेवायचे. फडकी आम्ही जुन्या सुती कपड्यांची करायचो. माझ्या नऊवारी नेसणाऱ्या सासूबाईंची किती लुगडी त्यात गेली असतील, देव जाणे. दरवर्षी सर आठवडाभर आधीच मागे लागायचे, "बाई, फडक्यांचं बघा."

चौदा नंबरची व्हाइस मात्र त्यांनी नंतर कुणालाच दिली नाही. टेबलं एकवीस होती, त्यामुळे भागून जायचं. तपासणीला साहेब आले की सर सांगायचे, "चौदा नंबर खराब हाय." मला ते माझ्या रजिस्टरमध्ये तसं लिहावं लागायचं आणि दर वर्षी उत्तर द्यावं लागायचं, की अजून दुरुस्त का होत नाही. मी कुरकुर करायची. सर म्हणायचे, पार्ट मिळत नाही. आणि दर शनिवारी त्याच व्हाइसला ग्रीस लावत बसायचे.

ती जागा बालाजीसाठी होती. दरवर्षी प्रवेशाचे फॉर्म निघाले की सर एक फॉर्म घेऊन भोसरीला त्यांच्या खोलीवर जायचे. डाव्या हाताने शिकवतो, म्हणायचे. कानस डाव्या हाताने धरायची, उजव्या तळव्याने दाबायची, होतं सगळं. पहिल्या वर्षी मुलगा आतल्या बाजूला तोंड करून बसला, बोलला नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाला, सर, तुम्ही जा. पुढे तो चाकणच्या रस्त्यावर एका वजनकाट्यावर कामाला लागला. ट्रक काट्यावर चढला की आकडा बघून डाव्या हाताने चिठ्ठी लिहायची. मग सर तिकडे जायला लागले. काट्याच्या केबिनबाहेर स्कूटर लावून उभे राहायचे. मुलगा चहा मागवायचा, पण फॉर्म हातात घ्यायचा नाही. सर परत आले की मी विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, "चहा पाजला." बस्स. तेवढ्यावरच एक वर्ष निघायचं.

त्यांची इच्छा मोठी नव्हती हो. मुलाने फिटर व्हावंच, असंही शेवटी शेवटी राहिलं नव्हतं. फक्त एकदा वर्कशॉपमध्ये यावं, चौदा नंबरसमोर उभं राहावं. मला एकदा म्हणाले, ह्याच दारातनं मी त्याला घालवला, ह्याच दारातनं आत आलेला बघायचाय.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांना दम लागायला लागला. तुकडा खिडकीपर्यंत न्यायचे आणि मध्येच टेबलाला टेकायचे. निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं. मी म्हणायची, रजा घ्या. ते म्हणायचे, ऑगस्ट होऊ दे. मे महिन्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर नाकाला नळी, आणि हात चादरीवर, पांढरेफटक, स्वच्छ. सरांची नखं एवढी स्वच्छ मी पहिल्यांदाच बघितली. बोलायला त्रास होत होता. तरी दोन गोष्टी बोलले. प्लेटी घासायला विसरू नका. आणि यंदा काट्यावर जाणं झालं नाही.

जुलैमध्ये ते गेले. भावांनी सगळं रीतीने केलं. मोठमोठ्या गाड्या आल्या होत्या. आमची जुनी मुलं किती आली होती, मोजता आली नसती. कंपन्यांच्या कपड्यांतच, शिफ्टमधून तशीच आलेली. मी बालाजीला शोधत होते. तो दिसला नाही. त्याला कुणी कळवलं होतं का? मला सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. ते मला अजून लागतं.

दिवस झाल्यावर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कपाटाची किल्ली द्यायला आल्या. सोबत एक मोठी पिशवी होती. धुऊन, घड्या घालून ठेवलेले पांढरे शर्ट. म्हणाल्या, "ते सारखं म्हणायचे, बाईंना फडकी लागतात. माझ्यानं न्हाई फाडवत. तुमी फाडा." मी पिशवी स्टोअरच्या वरच्या फळीवर ठेवली.

ऑगस्टात नवी बॅच आली. नवे सर तरुण, हुशार, कामाचे. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी मी कपाट उघडून प्लेटी बाहेर काढल्या. सर आजारी पडण्याआधीच पुढच्या बॅचच्या वीस प्लेटी घासून, नंबर ठोकून, तेलकागदात बांधून ठेवून गेले होते. तळाशी एका फडक्यात आणखी एक प्लेट होती, जुनी. चौदा नंबर. तिच्यावरचा गंज त्यांनी घासलेला नव्हता. वाढू नये म्हणून फक्त तेल लावून ठेवलेला. अंगठ्याची रेघन् रेघ दिसत होती. असा अंगठा आता त्या मुलाला नाही, हे एकदम लक्षात आलं आणि मी ती पटकन पुन्हा गुंडाळली.

नवे सर मुलांना जागा वाटत होते. चौदा नंबरपाशी आले तेव्हा मी खिडकीतूनच ओरडले, ती खराब आहे. ते म्हणाले, "ठीक आहे, मॅडम."

तेवढ्यात दारात दोघं जण दिसली. एक सोळा वर्षांची मुलगी, नवा निळा शर्ट, हातात प्रवेशाची फाइल. तिच्या मागे पंचविशीचा एक तरुण, उजवा हात पँटच्या खिशात. मी लगेच ओळखलं. तो तसाच बारीक होता. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, बहिणीचं नाव यादीत लागलंय, फिटरला. सोडायला आलोय.

मग आत सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, "सर कुठे आहेत?"

सांगावं तर लागणारच होतं. सांगितलं. जुलैमध्ये गेले, म्हटलं.  मुलगी त्याच्याकडे बघत होती. वर्गातली मुलं कानशी चाळवत होती, त्यांना काय ठाऊक. मग तो म्हणाला,

"दरवर्षी यायचे. यंदा आले नाहीत. म्हटलं, रागावले असतील. म्हणून मी आलो."

अहो, आठ वर्षं सर ह्या दाराकडे बघत होते. आणि हा आला तो सर आले नाहीत म्हणून. मी त्याला हाताला धरून आत घेतलं. चौदा नंबरसमोर नेलं. म्हटलं, ही तुझी. त्यांनी कुणाला दिली नाही. त्याने खिशातून उजवा हात काढला, मग पुन्हा आत घातला, आणि डाव्या हाताने व्हाइसचा दांडा धरून फिरवला. आठ वर्षं खराब म्हणून लिहिलेली व्हाइस एका बोटाने फिरत गेली. तिच्यात काहीही खराब नव्हतं. तो दांडा उघडत राहिला, बंद करत राहिला.

मी ती जुनी प्लेट आणून दिली. द्यावी की नाही ते ठरत नव्हतं, पण ती त्याचीच होती. त्याने बराच वेळ बघितली. मग पुन्हा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "राहू द्या इथंच." खाली वाकून बहिणीला काहीतरी सांगितलं आणि निघून गेला. दुपारी त्याची काट्यावर ड्यूटी होती.

मुलीचं नाव अश्विनी. मी नव्या सरांना सांगितलं, अश्विनीला चौदा नंबर द्या. ते म्हणाले, "मॅडम, ती खराब आहे ना?" मी म्हटलं, आत्ताच दुरुस्त झाली. ते माझ्याकडे बघत राहिले, पण चांगला माणूस आहे, काही विचारलं नाही. प्लेटींचंही मी त्यांना समजावून सांगितलं, चौदा नंबरची अश्विनीला दिली. अंगठे घेतले, कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी वर्कशॉप उघडलं. दोन प्लेटींवर गंज होता. एक सहा नंबर, एक चौदा. म्हणजे हात घराण्यातच होता. मी सरांसारखी फरशीवर मांडी घातली आणि पॉलिश पेपर घेतला. सवय नाही, खांदा भरून आला. अश्विनीचा तांबूस अंगठा हळूहळू फिका होत गेला, मग दिसेनासा झाला. हे काम सर दरवर्षी एकटे करत होते. मी कधी मदत केली नव्हती.

मग शर्टांची पिशवी काढली. पहिला शर्ट फाडताना हात धजावेना. दातांनी शिवण उसवली आणि मग फाडत गेले. तेलात बुडवून, पिळून वीस फडकी केली.

वर्ग भरल्यावर नव्या सरांनी वीसही प्लेटी टेबलावर मांडल्या आणि मी शिकवलं होतं तसं सांगितलं, सगळ्यांचे हात झकास आहेत. मुलं एकेक करून खिडकीशी फडकं न्यायला आली. अश्विनीच्या वाट्याला खिशाचा तुकडा आला. आला कसला, मीच ठेवला होता. तो मी तेलात फार भिजवला नव्हता.

"मॅडम, ह्याला खिसा आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, असू दे. आधी हात पूस.

ती चौदा नंबरपाशी गेली. भावाने सांगितलं असावं, तसा दांडा डाव्या हाताने फिरवून बघितला. एकेक बोट नीट पुसलं. मग त्या खिशात बोट घातलं, आपण सगळेच घालतो तसं. बाहेर काढलं तर टोकाला खडू लागलेला. काकूंनी कितीदा धुतला असेल शर्ट, तरी कोपऱ्यात राहिलाच होता. तिने बोटाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि ते आपल्या नव्या निळ्या शर्टाला पुसलं.

मी खिडकी लावून घेतली आणि पोटभर रडले. मग बाहेरून कुणीतरी टकटक केलं. कानस हवी होती. मी हात पुसले, खिडकी उघडली आणि दिली.